खळ्याचा दिवस

चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पर्जन्य अंगावर घेतल्यानंतर दक्षिण कोकणातील मातीच्या घराची जी दशा होते, ती घाटावरच्या माणसाला सांगून पटावयाची नाही. पागोळ्यांच्या शिंतोड्यांनी भिंतीचा पायथा खरवडून निघालेला असतो. ओसरीची कड मऊ होऊन जागोजागी ढासळलेली असते. पडवीच्या कुडाचे लिंपण सुटून आतील कारवीच्या काठ्या उघड्या पडलेल्या असतात. गडग्याचे दोनचार चिरे पाणंदीत जाऊन बसलेले असतात. आणि घरापुढचे खळे, म्हणजे ज्याला इतरत्र अंगण म्हणतात ते, शेवाळ, टाकळा आणि गुरांच्या खुरांनी पाडलेले खळगे यांच्या स्वाधीन झालेले असते. अशा घराला पुन्हा घरपण आणण्याचे काम भातकापणी उरकली की कार्तिक-मार्गशीर्षात हाती घेतले जाते, आणि ते एकट्या कुटुंबाने करावयाचे नसते, ही त्या प्रदेशाची जुनी वहिवाट आहे. घर एकाचे, त्याची दुरुस्ती वाडीची.

या कामाला हिवाळाच का लागतो, याची कारणे मातीत आहेत. पावसाळ्यात लिंपलेली माती वाळत नाही. वैशाखात लिंपावी तर वरचा थर उन्हाने इतक्या त्वरेने आक्रसतो की संध्याकाळपर्यंत त्याला भेगांची जाळी पडते. मार्गशीर्षातील ऊन सौम्य असते, हवा कोरडी असते, जमिनीच्या पोटात पावसाची ओल अद्याप शिल्लक असल्यामुळे कुदळ सहज रुतते, आणि विहिरीचे पाणी हाताशी असते. गोठ्यात शेण असते, घरात नवे धान्य आलेले असते, आणि मुख्य म्हणजे शेतकऱ्याच्या मागचा तगादा काही काळ सरलेला असतो. शाकारणीचा, म्हणजे छप्पर उतरवून ते नव्याने घालण्याचा, हंगाम उन्हाळ्याच्या शेवटी येतो, आणि त्यात डोक्यावर येऊ घातलेल्या पावसाची धास्ती असते. खळ्याच्या दिवसात तशी धास्ती नसल्यामुळे त्याला कामाइतकेच सणाचेही रूप येते.

दिवस ठरतो तो सभा भरवून नव्हे. आदल्या संध्याकाळी घरातील एखादा मुलगा वाडीतून फिरतो आणि प्रत्येक उंबऱ्याशी उभा राहून उद्या आमचे खळे आहे, एवढे सांगून पुढे जातो. त्यावर येतो किंवा येत नाही असे उत्तर देण्याची पद्धत नाही. प्रत्येक घरातून एक माणूस येणार हे गृहीतच असते, आणि कोणी आजारी असले तर त्या घरचेच दुसरे कोणी येते. देशावर नांगरटीच्या वेळी शेजाऱ्यांनी आपापली औते घेऊन एकाच्या शेतात उतरण्याच्या प्रथेला इर्जिक म्हणतात, इतरत्र सावड म्हणतात; जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी समाज उतारावर दगडी बांध घालून भातखाचरे तयार करतो, ती पडकई. नावे निरनिराळी, तंत्रे निरनिराळी. परंतु परस्परांच्या श्रमाची अशी देवघेव महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत एके काळी रूढ होती.

सकाळी दव पुरते उतरण्यापूर्वीच माणसे जमू लागतात. पुरुष कुदळी आणि खोरी घेऊन येतात, बायका घमेली, टोपल्या आणि कळश्या. प्रथम खळ्याचा वरचा थर सुमारे वीतभर खणून ढेकळे फोडावयाची, त्यातील मुळे आणि खडे वेचून बाजूला काढावयाचे, आणि मग दुरून आणलेली चाळलेली तांबडी माती त्यात मिसळावयाची. ही तांबडी माती जांभ्या दगडाची झीज होऊन झालेली. तिच्यातील चिकणाईमुळे ती दाबली की घट्ट बसते, पण एकटीच वापरली तर वाळताना तडकते. यानंतर पाणी शिंपडण्याचे काम येते, आणि ते वाटते तितके सोपे नाही. पाणी कमी पडले तर माती बसत नाही; जास्त झाले तर धुमस तिच्यात रुतून बसतो आणि दिवस वाया जातो. म्हणून पाण्याची कळशी सहसा वाडीतील एखाद्या अनुभवी वृद्धेच्या हुकमाशिवाय रिकामी होत नाही.

धुमस म्हणजे लाकडाचा जड ओंडका, त्याला वर धरावयास दांडा. दोन माणसांनी तो उचलून आपटावयाचा, आणि आपटत आपटत खळ्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जावयाचे. धुमसाने माती खाली बसली की चोपण्याची पाळी येते. चोपणे हे सपाट फळीचे, मुठीचे हत्यार. ते घेऊन बायका आणि मोठी मुले उकिडवी बसतात, आणि ओळीने मागे सरकत सबंध खळे चोपून काढतात. वीसपंचवीस चोपण्यांचा आवाज प्रथम विस्कळीत असतो. घटकाभरात तो आपोआप तालावर येतो, आणि मग त्या तालाबाहेर ज्याचे चोपणे पडते त्याची थट्टा होते. उतार घराकडून बाहेरच्या बाजूस गेला आहे की नाही, हे पाहण्यासाठी तांब्याभर पाणी ओतून ते कोठे पळते याकडे सर्वजण टक लावून बसतात. पाणी मध्येच अडले तर तेवढा तुकडा पुन्हा उकरावयाचा. याबाबत दयामाया नसते, कारण खळे वाकडे झाले तर त्याचा बोभाटा पुढचे वर्षभर होतो.

तिकडे पुरुषांपैकी काहीजण मांडवाच्या मागे लागलेले असतात. पोफळीचे सोट किंवा बांबू खांबासाठी पुरावयाचे, त्यावर आडव्या बांबूंची चौकट बांधावयाची, आणि वर माडाच्या झावळ्यांचे झाप अंथरावयाचे. झाप विणणे हे कौशल्याचे काम असून ते काही दिवस आधीच झालेले असते: झावळी पाण्यात भिजत घालून मऊ करावयाची, मधल्या दांड्यावर उभी चिरावयाची, आणि तिची पाती एकमेकांत गुंतवून चटई विणावी तशी विणावयाची. बांधण्यासाठी सुंभ. खिळा या सबंध बांधकामात अपवादानेच लागतो, आणि हा मांडव पुढील पाच-सहा महिने घराची सर्वांत मोठी खोली होऊन राहतो. त्याच्याखाली सुपारी सोलली जाते, पाहुणे निजतात, लग्ने लागतात, उन्हाळ्यात आमसुले वाळतात; आणि मृगाच्या आधी तो उतरवून त्याचे बांबू पडवीच्या आढ्याला टांगले जातात. कुडाची डागडुजी याच सुमारास होते. सह्याद्रीच्या उतारावरील कारवी सात वर्षे वाढून आठव्या वर्षी फुलते आणि फुलून झाल्यावर वाळते. त्या वाळलेल्या काठ्या तोडून आणून कुडातील कुजलेल्या काठ्यांच्या जागी बसवावयाच्या, आणि दोन्ही अंगांनी माती व शेण यांचा गिलावा करावयाचा. उसवलेले वस्त्र शिवावे तशी ती भिंत शिवली जाते.

सारवण हा या दिवसाचा शेवटचा आणि सर्वांत नाजूक भाग होय. ताजे शेण पाण्यात कालवून त्यात चाळलेली माती मिसळतात. शेणातील न पचलेल्या गवताचे सूक्ष्म तंतू मातीत पसरले की वाळताना येणारा ताण वाटला जातो, त्यामुळे एक मोठी भेग पडण्याऐवजी डोळ्यांना न दिसणारे बारीक तडे जातात, आणि थर अखंड राहतो. या शास्त्राचे नाव कोणाला ठाऊक नसले, तरी त्याचे प्रमाण मात्र बोटांना ठाऊक असते.

“शेण पातळ झालां गो, माती घाल थोडी,” असे एकीने म्हणावे आणि दुसरीने ओंजळभर माती सोडावी, एवढ्यावर तो प्रश्न मिटतो. पहिला हात जाड, दुसरा पातळ. तळव्याने अर्धवर्तुळे काढीत, दूरच्या कोपऱ्यापासून आपल्या पावलांकडे मागे सरकत यावयाचे; हाताची ती अर्धवर्तुळे वाळल्यावरही दिसत राहतात, आणि जाणत्या बायका त्यावरून कोणता पट्टा कोणी सारवला हे ओळखतात. जमीन काळीभोर, चकचकीत दिसावी म्हणून कोळशाची पूड, आणि विजेऱ्या घरोघर आल्यानंतर त्यांच्या वापरून संपलेल्या सेलांतील काळी भुकटीही, सारवणात घालण्याची हौस कोकणात पुष्कळांनी केली आहे. काम पूर्ण झाले की ओल्या खळ्यावर कोणी पाऊल टाकू नये, असा सक्त जाबता असतो. तो कुत्रा आणि कोंबडी यांना लागू करता येत नाही. कोंबडीच्या नख्यांची एक तिरकी रांग बहुतेक नव्या खळ्यांवर वर्षभर राहते, आणि तिचा राग कोणी फारसा मानत नाही.

मधल्या वेळी जेवण. उकड्या तांदळाचा भात, काळ्या वाटाण्यांचे सांबारे, सोलकढी, आणि वार अनुकूल असला तर माशाचे कालवण. यजमानाची ऐपत काहीही असो, या पंगतीत कसर केलेली खपत नाही. परंतु फाजील सरबराईही आवडत नाही, कारण उद्या तीच सरबराई दुसऱ्याला करावी लागेल. जेवताना मापे निघतात, जुनी भांडणे निघतात, सोयरिकीचे विषय निघतात. एकत्र कुटुंबाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, पण आप्तसंबंध नसलेल्या पंधरा-वीस घरांनी वर्षातील काही दिवस एका चुलीवर जेवावे आणि एका मातीत हात घालावेत, या सहजीवनाकडे आमच्या समाजशास्त्रीय लेखकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले, असे मला वाटते.

निघताना कोणी आभार मानीत नाही. त्याऐवजी, “परवा आमचां खळां आसा, इसरू नको,” असे पुढचा माणूस सांगतो. या व्यवस्थेचे सारे मर्म याच वाक्यात आहे. बाहेरचा मनुष्य हे दृश्य पाहून परोपकार, त्याग, ग्रामीण भोळेपणा असे शब्द वापरू लागतो. वास्तविक हा काटेकोर जमाखर्च आहे, फक्त त्याची खातेवही कोणी लिहीत नाही. अमक्या घरचा एक दिवस आपल्याकडे आला, तो आपण फेडला की नाही, पुरुष आला होता की लहान पोर धाडून बोळवण केली, दुपारनंतर पोटदुखीचे निमित्त करून कोण निसटला, या सर्वांची नोंद वाडीच्या स्मरणात कायम असते. एखाद्या एकट्या विधवेचे खळेही वाडी घालते. मात्र ती स्त्रीही दुसऱ्यांच्या खळ्यावर सारवायला जाते, आणि त्यामुळे तिला कोणाचे मिंधे राहावे लागत नाही. दानाचा भार घेणाऱ्याच्या मनावर राहतो, मजुरीचा संबंध पैसे मोजले की संपतो. परतफेडीचा श्रम मात्र दोन घरांना वर्षानुवर्षे एकमेकांशी बांधून ठेवतो, आणि तरी दोघांचीही मान ताठ राहू देतो.

हे चित्र येथेच थांबवले तर ते खोटे ठरेल. परतफेडीचा हा नियम जेथे दोन्ही बाजू समान होत्या तेथेच चालत असे, आणि जुन्या कोकणात समानता दुर्मीळ होती. खोताचे खळे, खोताचा मांडव, खोताच्या घराची शाकारणी यांसाठीही कुळे राबत. पण खोत कधी कुळाच्या खळ्यावर चोपणे घेऊन बसला नाही. दिसायला श्रम तोच, धुमस तोच, पण परतफेड नाही. म्हणून तो वेठ. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले, आणि प्रत्यक्ष कायदा १९४९ साली झाला. अस्पृश्य मानलेल्या जातींना तर गावकीच्या कामात हक्काने राबविले जाई आणि पंगतीत मात्र दूर बसविले जाई. ज्यांना गतकाळातील सहकार्याचे गोडवे गावयाचे असतील त्यांनी प्रथम एवढे विचारावे, की कोणाच्या दारी कोण येत होते, आणि उलट पावली कोण गेले.

सहजीवनाचा आणखी एक हिवाळी प्रकार याच मुलखात आहे, आणि तो बाहेरच्यांना अधिक विलक्षण वाटतो. मालवण तालुक्यातील आचरे, चिंदर, वायंगणी यांसारख्या गावांत दर तीन-चार वर्षांनी ग्रामदैवताचा कौल घेऊन सबंध गाव आपली घरे सोडून तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर राहावयास जातो. या प्रथेला गावपळण म्हणतात. माणसे जातात तशी गुरे, कोंबड्या, कुत्रीही जातात. गावात चूल पेटत नाही. वेशीपलीकडे बांबू, गवत आणि झाप यांच्या झोपड्या उभ्या राहतात, आणि त्या उभारताना पुन्हा तेच हात, तीच सुंभाची गाठ, तीच हाकाहाक. रात्री भजने आणि फुगड्या रंगतात, मुलांना तर परत जाऊ नये असे वाटते. यामागील भूतखेतांच्या समजुतीवर विवेकवाद्यांनी टीका केली आहे, आणि ती समजूत मलाही मान्य नाही. परंतु श्रीमंताला आणि गरिबाला एकाच आकाराच्या झोपडीत तीन रात्री काढावयास लावणारी दुसरी कोणती संस्था आपल्याकडे आहे, याचे उत्तर टीकाकारांनी शोधून पाहावे.

कोकणी माणूस मुंबईत गेला तेव्हाही ही सवय काही अंशी त्याच्याबरोबर गेली. गिरणगावातील चाळींत एकेका गावाच्या मंडळींनी सामाईक खोल्या घेतल्या. पाळीप्रमाणे निजणे, खानावळीत जेवणे, वर्गणी काढून भाडे भरणे, असा तेथील रिवाज होता. गोव्यातील खलाशांनी आणि नोकरदारांनी धोबीतलाव-माझगाव भागात आपापल्या गावांच्या नावांनी असेच क्लब चालवले. तथापि त्या खोल्यांची डागडुजी मालकाने करावयाची होती, भाडेकरूंनी नव्हे. त्यामुळे सहवास टिकला, पण श्रमाची देवघेव तेथे रुजली नाही.

गावातील ही देवघेव का ओसरली, याचे खापर आपण सामान्यतः स्वार्थावर किंवा शहरांवर फोडतो. मला त्याहून साधे कारण अधिक पटते. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला, आणि तेथील चपटी, खाचेची कौले समुद्रमार्गे किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. कुंभाराची नळ्याची कौले दरवर्षी चाळावी लागत, गवताचे छप्पर तर वारंवार नवे करावे लागे; मंगळुरी कौले एकदा बसली की पुष्कळ वर्षे हात लावावा लागत नाही. पुढे चिऱ्याची भिंत सिमेंटात बांधली गेली, ओटीवर लादी आली, खळ्यावर कोबा आला. कोब्याला वर्षाकाठी वीस माणसांची गरज लागत नाही. घर पक्के झाले, ही सोयीची आणि बहुतांशी न्यायाचीही गोष्ट झाली, कारण दरवर्षी उकिडवे बसून सबंध घर सारवण्याचा शीण बायकांच्याच गुडघ्यांना ठाऊक होता, आणि तो शीण परत आणा असे म्हणण्याचा अधिकार मजसारख्या लेखणी चालवणाऱ्याला नाही. पण जे काम दरवर्षी परत येत होते तेच माणसांना परत परत एकत्र आणीत होते. काम कायमचे मिटले, तशी हाकही मिटली.

जपानातील शिराकावा गावी उतरत्या गवती छपरांची प्रचंड घरे आहेत. तेथील छप्पर तीस-चाळीस वर्षांनी एकदा बदलावे लागते, आणि तेव्हा सारा गाव ‘युई’ या जुन्या श्रमविनिमयाच्या रूढीने छपरावर चढतो. १९९५ साली या वस्तीची जागतिक वारशात गणना झाली, त्यामुळे छपरे टिकली आणि छपरांबरोबर रूढीही काही प्रमाणात टिकली. तेथे गवत टिकवले म्हणून माणसे जमतात. उलट क्रमाने, म्हणजे केवळ माणसांनी जमावे म्हणून, काही टिकल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

म्हणूनच सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आजही जे एक काम दर हिवाळ्यात नव्याने करावे लागते, त्याचे महत्त्व मी खळ्याहून अधिक मानतो. मार्गशीर्षात वहाळाचे पाणी ओसरू लागले की सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून, ती आडवी रचून कच्चे बंधारे घालतात. त्यामुळे विहिरींची पातळी राहते आणि वायंगणी भाताला व भाजीपाल्याला पाणी मिळते. पावसाळ्यात हा बंधारा वाहून जातो, पुढच्या वर्षी पुन्हा घालावा लागतो. येथे खोत नाही, कूळ नाही. पाणी सर्वांच्या विहिरीत झिरपते. ग्रामपंचायतींनी या कामी ठेकेदार नेमण्याची घाई करू नये, एवढीच विनंती.

आणि मुंबई-पुण्यातील चाकरमान्यांनाही एक सांगणे आहे. गणपतीला आणि शिमग्याला आपण गावी जातोच. एखाद्या वर्षी डिसेंबरातील चार दिवसांची रजा काढून बंधाऱ्याला जावे. वर्गणी पाठवून भागत नाही, कारण वाडीच्या खात्यात रुपये जमा होत नाहीत, दिवस जमा होतात. जाताना जुने कपडे न्यावेत आणि हातमोजे घरी ठेवावेत.